रिकामे मजले आणि घरी परतणारी मुले



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न वर्षानुवर्षे ठरलेला असे : मुलांना पुण्याला पाठवावे की बंगळुरूला? अलीकडे त्याला दुसरा प्रश्न जोडला गेला आहे. आता घरी बसूनही नोकरी करता येते, मग मूल इंदूरलाच राहिले तर काय बिघडले? प्रश्न वाजवी आहे, म्हणून या अंकात त्याविषयी थोडे लिहितो.

कामाची जागा रिकामी पडणे म्हणजे काय, हे इंदूरकरांना कोणी शिकवायला नको. डिसेंबर १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. तिची सुमारे ४२ एकर जमीन तीन दशके तशीच पडून होती, आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये मार्गी लागायला डिसेंबर २०२३ उजाडले. मिल बंद होते तेव्हा एकट्या कामगाराची मजुरी जात नाही. फाटकाबाहेरचा चहावाला, सायकलचे पंक्चर काढणारा, उधारीवर किराणा देणारा दुकानदार, सगळ्यांचाच धंदा बसतो.

मार्च २०२० नंतर ऑफिसांवर तशीच पाळी येणार असे वाटले होते. टीसीएसने त्याच वर्षी जाहीर केले होते की २०२५ पर्यंत केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांना ऑफिसात यावे लागेल. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने सर्वांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावले. दुसरीकडे, विशेष आर्थिक क्षेत्रांतील आयटी इमारतींत इतके मजले ओस पडले की डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला नियम बदलून ते बाहेरच्या कंपन्यांना देण्याची वाट मोकळी करावी लागली.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात २०२४ मध्ये ऑफिसांची एक तृतीयांशाहून जास्त जागा रिकामी होती. त्याच वर्षी भारतात परदेशी कंपन्यांची स्वतःची सुमारे १,७०० केंद्रे होती आणि त्यांत १९ लाखांच्या आसपास माणसे काम करत होती. जे काम घरून होते ते दुसऱ्या देशातूनही होऊ शकते, हे कंपन्यांना नीट कळले आहे. आज त्याचा लाभ आपल्याकडे येत आहे. उद्या तेच काम आणखी स्वस्त ठिकाणी किंवा यंत्राकडे जाऊ शकते. म्हणून केवळ घरून होते एवढ्यावर कोणतीही नोकरी पक्की समजू नये.

मग मुलांनी काय करावे? शांघायच्या ट्रिप डॉट कॉम कंपनीतल्या सुमारे १,६०० कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिले, त्यांच्यात नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि बढतीत काही फरक पडला नाही. पण लक्षात घ्यावे, उरलेले तीन दिवस ते ऑफिसातच होते. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले. नोकरी लागल्यावर हजेरीबुक कसे भरावे, रागावलेल्या पालकांशी कसे बोलावे, हे आम्ही शेजारच्या खुर्चीवरच्या ज्येष्ठ शिक्षकांकडे पाहून शिकलो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तेवढे दिसत नाही. म्हणून आमचे मत असे की नोकरीची पहिली दोन-तीन वर्षे मुलांनी माणसांत बसून काम करावे, मग ते सुपर कॉरिडॉरवर असो वा पुण्यात. हात बसला की घरी परतावे, आणि अवश्य परतावे. पुण्याच्या पगारातले घरभाडे इंदुरात वाचते, म्हाताऱ्या आई-वडिलांना सोबत मिळते, आणि आपली मराठी शाळा, गणेशोत्सव, वाचनालय यांना तरुण हात मिळतात.

मात्र परतणाऱ्याला बसायला जागा हवी. रामबागेतल्या जुन्या घरात किंवा सुदामानगरच्या दोन खोल्यांत दिवसभर मीटिंग चालवणे सोपे नाही. मुलींचे तर विचारूच नका. मुलगी घरी आहे म्हटल्यावर कुकरपासून पाहुण्यांपर्यंत सगळे तिच्याकडेच येते आणि तिच्या नोकरीला कोणी नोकरी मानत नाही.

आपल्या संस्थेच्या इमारतीतील रस्त्याकडची दोन दुकाने बऱ्याच दिवसांपासून रिकामी आहेत. जास्त भाडे देणारा भाडेकरू मिळेपर्यंत ती तशीच ठेवावीत असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. संस्थेला पैसा लागतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. तरीही आमची सूचना अशी की एक वर्ष ही दुकाने माजी विद्यार्थ्यांसाठी कामाची खोली म्हणून चालवून पाहावीत. टेबल-खुर्च्या, चांगले इंटरनेट, वीज गेली तर इन्व्हर्टर, आणि माफक मासिक वर्गणी. संध्याकाळी तिथेच त्यांनी दहावी-बारावीच्या मुलांना आपल्या कामाविषयी सांगावे. वर्षअखेरीस हिशेब सर्वांसमोर मांडू. तोटा झाला तर दुकाने पुन्हा भाड्याने देता येतील.

मुले परत येत नाहीत अशी तक्रार आपण दर स्नेहसंमेलनात करतो. आता काही जण यायला तयार आहेत. कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत हा विषय ठेवला आहे. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, शाळेच्या कार्यालयात लेखी द्यावे, ही विनंती.