आजींना झोपू द्या, कालच ऑपरेशन झालंय!

हे वाक्य कानावर पडले नाही असा माझा वॉर्डातला दिवस जात नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या सत्तरीच्या बाईंना शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करायचे म्हटले, की घरच्यांना फिजिओथेरपिस्ट कसाई वाटू लागतो! त्यांची माया समजते. पण त्या मायेची किंमत आजींचे पाय मोजतात.

अमेरिकेत निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पायांचे मांस सरासरी सुमारे एक किलोने घटलेले आढळले. ही धडधाकट माणसांची गत! आजाऱ्याच्या वाट्याला शिवाय छातीत साठणारा कफ, पोटरीत रक्ताची गुठळी आणि पाठीला जखमा. म्हणून डॉक्टरांची परवानगी मिळताच दीर्घ श्वास, घोटे वर-खाली करणे, बसणे आणि मग उभे राहणे. दुखते, हे खरेच. त्यासाठी व्यायामाआधी वेदनाशामक औषध मागून घ्यावे.

अर्थात अतिघाईही नको. पक्षाघाताच्या रुग्णांना पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवल्यास बरे होण्याची शक्यता थोडी घटते, असे २०१५ साली एका मोठ्या पाहणीत दिसले. कधी आणि किती, हे तज्ज्ञांनीच ठरवावे.

रुग्णालयेही निर्दोष नाहीत. पुष्कळदा आम्हाला बोलावणे येते ते घरी सोडण्याच्या दिवशी! तेव्हा ऑपरेशनच्या कागदावर सही करतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा : पेशंटला उभे कधी करणार, आणि कोण करणार?