मॉडेल बंद झाले. आता धावायचे कशात?

पहाटे साडेपाचला गोंदियातून आमगाव किंवा तिरोड्याच्या रस्त्याने निघाले, की धावणारी मुले-मुली हमखास भेटतात. बांध्यांमध्ये धान किंवा चिखल असतो, त्यामुळे सराव बहुधा डांबरी रस्त्यावरच होतो. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिल्यापासून ही गर्दी वाढली. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यातले २० गुण मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी असतात. खुल्या प्रवर्गात वयाची मर्यादा २८ वर्षांची असल्याने ऐन सरावात पाय दुखावणे परवडणारे नसते.

अशा वेळी पायाला सवयीचे झालेले शूज झिजतात आणि दुकानदार सांगतो, ‘ते मॉडेल आता येत नाही.’

हे वारंवार का घडते? बहुतेक कंपन्या एक-दोन वर्षांनी मॉडेल बदलतात. कधी नाव तेच राहते, आतला माल बदलतो. ‘नायकी पेगासस’ हे नाव १९८३ पासून चालत आले आहे. पण २०२४ मध्ये आलेल्या ४१व्या आवृत्तीत तळव्याखालचा फोमच वेगळा होता. त्यात २०२४ पासून पादत्राणांसाठी भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. परदेशातील कारखान्यांनाही ते घ्यावे लागते. त्यामुळे काही परदेशी मॉडेल्स भारतात येणे थांबले.

मग जुन्याच नावाचा शोध सुरू होतो आणि दोन धोके समोर येतात. एक, ‘फर्स्ट कॉपी’. वरून हुबेहूब, आत मात्र साधा कडक फोम. दुसरा, वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला जोड. न वापरताही फोम कडक होतो, गोंद सुटतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते. पैसे देण्यापूर्वी ते वाचावे.

नावाऐवजी काय शोधावे, याबाबत संशोधनाने बऱ्याच समजुती मोडल्या आहेत. तळव्याची कमान पाहून शूज ठरवावेत, हा सल्ला अनेक वर्षे दिला गेला. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरमधील सात हजारांहून अधिक प्रशिक्षणार्थींवर त्याची चाचणी झाली. कमानीनुसार शूज दिलेल्यांत आणि सर्वांना एकाच प्रकारचे शूज दिलेल्यांत दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी मांडलेला विचार सोपा आहे: पाय घालून धावल्यावर जे शूज आरामदायी वाटतात, ते निवडावेत. महागडे म्हणजे सुरक्षित, असे समीकरण नाही.

दुकानात जाताना जुना जोड सोबत न्यावा. त्याची आतली गादी काढून नव्या जोडातल्या गादीवर ठेवली, की लांबी-रुंदीचा फरक लगेच कळतो. नंबर कंपनीगणिक बदलतो. जिभेवर छापलेले सेंटिमीटर पाहणे अधिक भरवशाचे. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाच मोजे घालून माप घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

आणखी एक गोष्ट पाहावी: टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, म्हणजे ‘ड्रॉप’. जुन्यात तो १० मिलिमीटर असेल आणि नव्यात ४, तर पोटरी आणि टाचेमागच्या कंडरेवर एकदम जास्त ताण येतो. नवा जोड चांगला असूनही पाय दुखतो, तो बऱ्याचदा या बदलामुळे.

म्हणून बदल हळूहळू करावा. पहिले दोन-तीन आठवडे नवा जोड एक दिवसाआड आणि कमी अंतरासाठी वापरावा, बाकीचे दिवस जुना. लक्झेंबर्गमधील २६४ धावपटूंच्या २०१५ च्या अभ्यासात आलटून-पालटून एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. रोज आठ किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस धावणारा महिन्याला सुमारे २०० किलोमीटर धावतो. शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतात, म्हणजे अडीच ते चार महिने. ग्राउंडची तारीख दोन महिन्यांवर असेल, तर नव्या जोडाची सोय आजच करावी. आदल्या आठवड्यात नवे शूज घालण्याचा मोह मात्र टाळावा.

नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी तीव्र दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री आरामातही ठणकत असेल, तर तो नुसता शूजचा प्रश्न नाही. हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो अनेकदा दिसत नाही. अशा वेळी धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. चार-सहा आठवड्यांच्या विश्रांतीने जे बरे होऊ शकते, ते दुखणे दाबून धावल्यास संपूर्ण मोडलेले हाड होते आणि हातची भरतीही जाते.