ब्याण्णव हजारांचं रीळ आणि वर्षाचे सहा गुरुवार

गरव्या कांद्याची लागण काल उरकली, बायांचा हिशेब दिला, आता दोन दिवस जरा सवड आहे. म्हणून आज पीक सोडून एका यंत्रावर लिहितोय. यंत्र शेतीचं नाही, मासे धरायचं आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण यात आपलाही कान पिळला जाणार आहे.

पुतण्या चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. हातात पडतात २२ हजार. चौघा दोस्तांना समुद्रात गळ टाकायचा नाद लागलाय. गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी दुसरी पाळी सुटली की ताम्हिणी घाट उतरायचा, दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला दिवसभर खडकावर उभं राहायचं आणि रात्री माघारी. वर्षातनं सहा खेपा झाल्या तर डोक्यावरनं पाणी. पावसाळ्यात तर जाणंच नाही.

आता या गड्यानं ९२ हजारांचं रीळ मागवलंय. मोबाईलवरचं रील नव्हे, काठीला बसवून दोरा गुंडाळायचं रीळ. बारा हप्ते, महिन्याला ८,२००. म्हणजे ९८ हजार ४०० झाले. कांदा १५ रुपये किलो धरला तर ९२ हजार म्हणजे ६१ क्विंटल. अर्ध्या एकराच्या वर माल, तोही खर्च न वजा करता.

पारावरची मंडळी म्हणाली, येडं झालंय पोरगं, एवढ्यात गाय आली असती. मी तसं म्हणणार नाही. मी स्वस्ताचा भक्त नाही. बोअरमध्ये एकदा स्वस्तातली मोटार सोडली होती, दोन वर्षांत दोनदा जळली. दर वेळी पाइप उपसायचे, माणसं लावायची, वाइंडिंग भरायचं, आणि तवर पीक वाळतंय. तिसऱ्यांदा दुप्पट पैसे घालून चांगली टाकली, ती अजून चालू आहे. तेव्हा महाग वस्तूत काहीच नसतं असं म्हणणारा माणूस कधी बोअरच्या काठावर बसलेला नसतो.

रिळातही काहीतरी असतंच. शिमानो ही जपानची कंपनी, १९२१ साली साकाई इथं सुरू झाली, आधी सायकलची फ्रीव्हील करायची. तिचं स्टेला आणि दाइवा कंपनीचं साल्टिगा ही यातली वरची नावं. अमेरिकेतच यांची किंमत हजार डॉलरच्या आसपास आणि पुढं. पैसा जातो कुठं? स्वस्त रिळात गिअर ओतीव जस्ताचा, यात दाबून घडवलेला. स्वस्ताचं अंग प्लास्टिकचं, जोर आला की वाकतं आणि गिअरचे दात एकमेकांवर चढतात. पाणी आत जाऊ नये म्हणून सील. आणि ड्रॅग. म्हणजे मासा पळाला की दोरा बेतानं सोडणारा ब्रेक. मोठा मासा जोरात पळाला की त्या ब्रेकचे वॉशर तापतात. हलक्या रिळात ते अडकतात आणि दोरा तुटतो. महागातलं एकसारखं सोडत राहतं.

आणि खारं पाणी. हे आपल्याला समजावून सांगायला नको. दहावीला मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला होता ना? तो तांबूस पडतो आणि आतनं खाल्ला जातो. म्हणून तर बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नका असं कृषी सहायक साहेब सांगतात. मीठही धातू खातं, फक्त हळूहळू. मीठ हवेतला ओलावा ओढतं, ॲल्युमिनियमवरचा पापुद्रा फोडतं, आणि जिथं पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमला लागतो तिथं लवकर खातं.

तर वस्तू खोटी नाही. माझं भांडण आहे ते मोबाईलवर रिळं फिरवून दाखवणाऱ्यांशी. "एकदाच घ्या, जन्मभर बघायला नको." हे साफ खोटं आहे. समुद्रात वापरलेलं कुठलंही रीळ, दोन हजाराचं का लाखाचं, धुवावं लागतं, ग्रीस बदलावं लागतं. सील झिजतात. एकदा आत खारं पाणी गेलं की तेच सील त्याला बाहेरही पडू देत नाही. आणि सुटा भाग लागला तर? पुतण्यानं ज्या दुकानातनं मागवलं त्यांना मी स्वतः फोन केला. म्हणाले, भाग बाहेरून येतो, वेळ सांगता येत नाही. माझा पितळी फवारणी पंप वीस वर्षं चाललाय तो पितळ भारी म्हणून नाही, त्याचा वायसर चाकणला कधीही मिळतो म्हणून.

आता हिशेब करा. सहा खेपा वर्षाला, दहा वर्षं टिकलं तर साठ खेपा. ९२ हजार भागिले साठ, एका दिवसाला १,५३३ रुपये. व्याज धरलं नाही. १४ हजारात सील असलेलं चांगलं मधल्या दर्जाचं रीळ येतं, ते चारच वर्षांत भंगारात गेलं असं धरा, तरी चोवीस खेपांना दिवसाला ५८३ पडतात. उलट अंदमानात गिऱ्हाईक घेऊन मोठ्या माशांमागं जाणारा बोटवाला बघा. तो वर्षाला दीडशे दिवस जरी गेला, तरी पाच वर्षांत दिवसाला १२३ रुपये पडतात, आणि रीळ अडकलं तर त्याचं गिऱ्हाईक जातं. त्यानं लाखाचं घ्यावं, डोळे झाकून घ्यावं. आमच्या गड्याला खडकावरनं लागतो तीन-चार किलोचा जिताडा, कधी तांबोशी. त्याला चार-पाच किलोचा ड्रॅग पुष्कळ झाला. वीस किलोच्या ड्रॅगचं रीळ म्हणजे दहा गुंठ्यात ५० एचपीचा ट्रॅक्टर.

हे सगळं मी त्याला ओसरीवर बसवून सांगितलं. तो शांतपणे म्हणला, "नाना, शर्यतीची बंदी उठल्यावर तुम्ही सव्वादोन लाखाचा खोंड आणला. त्याचा हिशेब दिवसावर काढा की."

बोलती बंद. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा बंद केला, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, आणि आपल्या खेड-चाकणमध्ये त्या हंगामात कोण शुद्धीवर होतं? माझा खोंड चार घाटांत पळाला, एकदा नंबरात आला, पुढच्या वर्षी दीड लाखाला गेला. ७५ हजार गेले, खुराक वेगळा. वर पोरगं म्हणतंय, महाग रीळसुद्धा जुन्यात विकतं. ते खरं आहे, चांगल्या रिळाला जुन्यातही गिऱ्हाईक असतं.

पण एक फरक आहे, तो मी सोडणार नाही. माझे पैसे रोख होते आणि कांदा विकून आलेले होते. त्याची नोकरी कंत्राटाची आहे. ठेकेदारानं उद्या यादीतनं नाव काढलं तर हप्ता थांबत नाही. हौसेला मोल नसतं म्हणणारे हप्ता भरायला येत नाहीत. महामार्गाकडंच्या गावांत जमिनीच्या पैशांतनं घेतलेल्या गाड्या दारात उभ्या राहून कशा विकल्या गेल्या, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

त्याचं जुनं १,८०० चं रीळ मी काल उघडलं. दोन खेपा न धुता पिशवीत टाकलेलं. आत पांढरी भुकटी, ग्रीस वाळून चिकट झालेलं, नखाएवढी एक बेअरिंग जाम. रॉकेलमध्ये घासून धुतलं, चाकणच्या बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाची मिळाली, नवीन ग्रीस भरलं. फिरतंय. लाखाच्या रिळासारखं मऊ फिरत नाही, फिरतंय.

ज्यांची पोरं समुद्रावर जातात त्यांनी एवढं सांगा: घरी आल्यावर आधी ड्रॅग घट्ट करायचा, मग नळाच्या हलक्या धारेनं धुवायचं. गाडी धुवायच्या प्रेशरनं नाही, त्यानं मीठ आणखी आत जातं. पुसायचं, सावलीत वाळवायचं, आणि वाळताना ड्रॅग सैल सोडायचा, नाहीतर वॉशर दबून बसतात.

नव्या रिळाचा खोका अजून फोडलेला नाही. परत करायची मुदत शनिवारपर्यंत आहे. आज गुरुवार, पोरगं दुपारी घरी येतंय, जुनं रीळ ओसरीवर काठीला लावून ठेवलंय.