पराभव कुणाचा : प्रस्तावाचा की पंतप्रधानांचा?

४ डिसेंबर २०१६ रोजी इटलीत घटनादुरुस्तीवर सार्वमत झाले. सिनेटची सदस्यसंख्या ३१५ वरून १०० वर आणावी व सरकारवर विश्वास-अविश्वास दर्शविण्याचा तिचा अधिकार काढून घ्यावा, हा त्यातील गाभा होता. सुमारे ५९ टक्के मतदारांनी नकार दिला. त्याच रात्री पंतप्रधान मात्तेओ रेन्झी यांनी राजीनामा जाहीर केला.

विरोधकांनी जल्लोष केला, त्वरित निवडणुकांची मागणी झाली. परंतु लोकांचा रोष खरोखर सिनेटसुधारणेवर होता काय? बेकारीने गांजलेल्या सिसिली व सार्डिनिया या बेटांवर नकार सत्तर टक्क्यांपुढे गेला. रेन्झी यांच्या तोस्काना प्रांताने मात्र होकार दिला. हरल्यास पद सोडण्याची घोषणा करून रेन्झी यांनीच सार्वमताचा विषय बदलला होता. अनेकांनी घटनेवर नव्हे, त्यांच्या कारभारावर मत दिले.

सप्टेंबर २०२० मध्ये सिनेट २०० सदस्यांपुरती मर्यादित करण्यास सुमारे ७० टक्के मतदारांनी संमती दिली. त्या वेळी कुणाची खुर्ची पणाला लागलेली नव्हती.

पंतप्रधानपद सोडण्याचा शब्द रेन्झी यांनी पाळला, हे त्यांना भूषणावहच. तथापि नेत्याने जनतेपुढे प्रश्न ठेवावा. प्रश्नाआड स्वतः उभे राहू नये.