भीती आणि भरारी

प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूरच्या आकाशात विमान दिसू लागले, की उसाच्या मळ्यात राबणारी माणसे क्षणभर हातातील काम थांबवून वर पाहतात. कोणा मुलाला वाटते, एकदा तरी त्यात बसावे. शेजारी उभी असलेली आजी मात्र म्हणते, "नको रे बाबा! पायांखाली जमीन नाही, कशाचा आधार नाही. कसला तो प्रवास!" १ ऑक्टोबर २०१७ रोजी याच जिल्ह्यात काकडी येथे शिर्डी विमानतळ सुरू झाला आणि विमान ही केवळ दूरच्या शहरातील गोष्ट राहिली नाही. तेव्हा मुलाचे खरे की आजीचे, याचा नीट विचार व्हावयास हवा.

अनोळखी वाहनाचे भय नवे नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली, तेव्हा बैलावाचून व घोड्यावाचून धावणाऱ्या त्या गाडीत बसण्यास कित्येकांचे मन धजेना. पुढे १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला आणि बेलापूरच्या नावाचे स्थानक त्यावर उभे राहिले. आज त्या मार्गाने जाताना कोणाच्याही मनाला भय शिवत नाही. गाडी ओळखीची झाली आणि भीती सरली.

म्हणून विमानाची भीती अगदीच पोकळ आहे, असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. त्यातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. अशी वार्ता ऐकून ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला भित्रा म्हणून हसणे योग्य नव्हे. तरीही भीतीला प्रमाण असावे. २०२२ या एकाच वर्षी भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे अपघातांत मृत्यू पावली. पण रस्त्यावर पाऊल टाकताना कोणी थरथरत नाही. रोजचा धोका डोळ्यांना दिसेनासा होतो आणि क्वचित येणारा डोंगराएवढा वाटतो.

परंतु आकड्यांनी बुद्धी पटते, मन पटत नाही. मनाला उत्तर हवे असते. विमानाला आधार नाही, हे म्हणणे खरे नव्हे. नावेला जसा पाण्याचा, तसा विमानाला हवेचा आधार असतो. वेगाने धावताना त्याचे पंख हवा खाली ढकलतात आणि हवा त्याला वर उचलून धरते. मार्गात कधी विमान हादरते, तेव्हा प्रवाशाचा जीव खालीवर होतो. पण चाकोऱ्या पडलेल्या वाटेवर बैलगाडीला हिसके बसतात, तसेच हे हवेतील प्रवाहांचे हिसके होत. अशा वेळी पट्टा बांधून बसावे, इतकेच. उड्डाणात येणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार पंखांनी सोसला पाहिजे, असा नियमच आहे. दोन इंजिनांपैकी एक बंद पडले, तरी दुसऱ्याच्या बळावर विमान जवळचा विमानतळ गाठू शकते.

ही सुरक्षितता आली कोठून? ती निर्भय माणसांनी आणली, असे कित्येकांस वाटेल. वस्तुतः ती विचारी भीतीतून आली आहे. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने भूमध्य समुद्रावर भंग पावली. तेव्हा कोणी उड्डाणाची आशा सोडली नाही आणि दैवाला बोल लावून कोणी स्वस्थही बसले नाही. इंग्लंडातील संशोधकांनी एका कॉमेट विमानाचे संपूर्ण धड पाण्याच्या टाकीत ठेवले, त्यावर उड्डाणातील दाबासारखा दाब पुन्हा पुन्हा दिला आणि धातू थकून त्याला तडे कसे जातात, हे शोधून काढले. कॉमेट विमानांच्या अपघातांचा विचार करताना ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांना उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली. तोच आजचा ब्लॅक बॉक्स. अनुभवी वैमानिकही उड्डाणापूर्वी तपासणीची यादी पाठ असूनही वाचूनच पाहतो. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ स्त्री-कर्मचारी असलेले प्रवासी विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेले, तेव्हा त्यांच्याही हाताशी हीच शिस्त होती.

या शिस्तीवर विश्वास ठेवून जो विमानात बसतो, त्याच्यापुढे केवढे दृश्य उलगडते! गावात राहणाऱ्याला प्रवरेचा एखादाच घाट ठाऊक असतो. उंचावरून पाहणाऱ्याला सह्याद्रीच्या रांगा, पाण्याने भरलेले जलाशय, उसाचे हिरवे चौकोन आणि त्यांतून वळणे घेत जाणारी नदी एकाच दृष्टिक्षेपात दिसते. आपलीच भूमी अशी अखंड पाहावयास मिळणे, हे लहान सुख नव्हे. डोळे घट्ट मिटून बसणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असे म्हणतात. पण ब्रह्मराक्षस पाठीशी लागतो तो पळणाऱ्याच्या. जो थांबून वळून पाहतो आणि "हे असे का?" म्हणून विचारतो, त्याच्या भीतीचे शहाणपण होते. विहिरीत पोहावयास शिकणारे मूल निर्भय नसते. कमरेचा दोर पक्का आहे ना, हे ते दहादा विचारते आणि मग उडी घेते. त्याने दोर तपासला, हे योग्यच झाले. आणि उडी घेतली, हेही योग्यच झाले.