आवळपट्टी शिकवावी कशी?

या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात शाळेला काय भेट द्यावी, याची चर्चा झाली. दोन्ही वसतिगृहांत, जेवणघरात आणि शाळेच्या बसमध्ये प्रथमोपचाराच्या मोठ्या पेट्या बसवाव्यात व त्यांत रक्तस्राव थांबविणारे टूर्निकेटही ठेवावेत, अशी सूचना पुढे आली आणि ती सर्वांना पटली. मग पट्टे कोणत्या प्रकारचे घ्यावेत यावर बोलणे सुरू झाले. एकाला पिळाच्या दांडीचा पट्टा हवा होता, दुसऱ्याला रबरी. तिसऱ्याचे म्हणणे असे, की सगळ्या प्रकारांचे थोडे थोडे घ्यावेत, म्हणजे मुलांना सर्वच माहीत होतील. या शेवटच्या मताला माझा विरोध आहे. मेळाव्यात वेळ पुरला नाही, म्हणून तो येथे मांडतो.

विषय किरकोळ नाही. आपली बहुतेक मुले ज्या घरांतून येतात तेथे कडबाकुट्टीचे यंत्र आहे, मळणीयंत्र आहे, ऊसतोडीचा कोयता आहे आणि गावाला चिकटून जाणारा महामार्ग आहे. हात यंत्रात सापडलेला माणूस आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. मांडीतील मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी वाडीवस्तीवर ती त्या मिनिटांत पोहोचत नाही. ती मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाची असतात, आणि सुट्टीत घरी गेलेला आपला दहावीचा विद्यार्थी हाच पुष्कळदा तो माणूस असतो.

पट्ट्यांचे प्रकार थोडक्यात सांगतो. अमेरिकी लष्कराने इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत वापरलेला ‘कॅट’ हा सर्वांत परिचित. वेल्क्रोचा पट्टा आणि त्यावर पीळ देण्याची दांडी, अशी त्याची रचना आहे. ‘सॉफ्ट-टी’ त्याच जातीचा, पण बक्कल व दांडी अडकविण्याची सोय निराळी. ‘स्वॅट-टी’ ही रुंद रबरी पट्टी. ती पुरेशी ताणली गेली की तिच्यावर छापलेले लंबगोल वर्तुळासारखे दिसू लागतात. ‘रॅट्स’ ही रबरी दोरी, तिचे वेढे देऊन टोक धातूच्या खाचेत अडकवायचे. चारही जणांचे काम एकच आहे. पण हाताला करावी लागणारी हालचाल एक नाही, आणि नवशिक्याचा सगळा प्रश्न येथेच आहे.

अमेरिकेत बॉस्टन परिसरात सामान्य नागरिकांवर झालेल्या दोन चाचण्या या बाबतीत बोलक्या आहेत. पहिली २०१८ साली प्रसिद्ध झाली. एका क्रीडांगणाच्या ४६५ कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना समोरासमोर शिकवून हाताने सराव करून घेतला, त्यांतील सुमारे ८८ टक्क्यांनी पट्टा बरोबर बांधला. ज्यांच्या हाती नुसती सचित्र सूचनापत्रके दिली, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २० टक्के, आणि ज्यांना काहीच दिले नाही त्यांच्यात १६. म्हणजे पेटीत चिकटविलेला सूचनांचा कागद असून नसल्यासारखाच. तीन ते नऊ महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा निम्म्याहून किंचित अधिक लोकांनाच पट्टा नीट बांधता आला. दुसरी चाचणी २०१९ सालची. १०२ जणांना ‘कॅट’वर शिकविले आणि मग वेगवेगळे पट्टे हाती दिले. ‘कॅट’ ९२ टक्क्यांनी बरोबर बांधला. त्याच जातीच्या ‘सॉफ्ट-टी’वर प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आले. कापड व काठीच्या घरगुती पट्टीवर ते सुमारे ३२ टक्के होते, आणि रबरी प्रकारांवर १२ टक्क्यांच्या आसपास.

यावरून रबरी पट्टी टाकाऊ ठरत नाही. त्या लोकांना ती शिकविलेलीच नव्हती. पण एका साधनावर शिकलेला हात दुसऱ्या साधनावर आपोआप चालत नाही, एवढे मात्र त्यातून स्पष्ट दिसते. आपल्याकडे वर्षाला तास-दोन तासच हाताशी असतील, तर ते चार प्रकारांत वाटून टाकणे म्हणजे मुलांना एकही नीट न येऊ देणे होय.

गेल्या पावसाळ्याआधी वसतिगृहाच्या जेवणघरात नववी-दहावीच्या मुलामुलींना मी दांडीचा पट्टा बांधायला शिकविला. चुका जवळजवळ सर्वांच्या सारख्याच होत्या. पट्टा सैल ठेवून मुले थेट दांडी पिळू लागत. दांडी फिरता फिरेनाशी होई, पण पट्ट्याखाली दोन बोटे सहज शिरत. आधी पट्टा हाताने जोर लावून ओढायचा, सैलपणा पुरता काढायचा आणि मग पीळ द्यायचा, हे तोंडी सांगून कळत नाही. मनगट धरून करून घ्यावे लागते. दुसरी चूक दयेपोटी होणारी. समोरचा मित्र ‘दुखतंय’ म्हणाला की हात थांबे. नीट आवळलेला पट्टा दुखतोच. रक्त थांबेपर्यंत आवळला नाही तर तो अपायच करतो, कारण शिरा दाबल्या जातात, धमनी वाहत राहते आणि रक्तस्राव वाढू शकतो. जखमेच्या चार बोटे वर, गुडघा किंवा कोपर टाळून, वेळ लिहून ठेवून, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सैल न करता, एवढे मात्र मुलांनी लवकर उचलले.

शिकविण्यापूर्वी मी विचारले होते, की अशी पट्टी केव्हा बांधाल? जवळजवळ सगळ्या जेवणघराने एकमुखाने उत्तर दिले, “साप चावल्यावर!”

मी क्षणभर गप्प झालो. मुलांचा दोष नव्हता. घरोघरी तेच पाहिलेले असते. सर्पदंशात मात्र हात किंवा पाय करकचून बांधायचा नसतो. घोणस, फुरशासारख्या सापांचे विष जागच्या मांसाची हानी करते. वर बंध घातला तर ती हानी वाढते, रक्तपुरवठा तुटून अवयव गमावण्याची पाळी येऊ शकते, आणि बंध एकदम सोडताच विष झपाट्याने शरीरात पसरू शकते. दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवून, माणसाला धीर देत, न चालविता, सर्पविषावरील लस मिळेल त्या रुग्णालयात नेणे हाच मार्ग. म्हणजे आपण पेट्या बसवून शिकवण दिली नाही, तर पट्टा पहिल्यांदा बाहेर निघेल तो कदाचित नेमका नको त्या वेळी.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या, सोबत्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूची कथा आहे. तथागतांनी आणि आनंदांनी त्याला स्वतः धुतले, उचलून शय्येवर ठेवले. ही कथा आपण वर्षावासात दरवर्षी ऐकतो. पण त्याच प्रकरणात पुढे चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत, त्यांकडे आपले लक्ष कमी जाते. औषध तयार करता येणे आणि रुग्णाला काय हितकर, काय अहितकर हे ओळखणे, यांची तेथे मैत्रीच्या जोडीनेच गणना आहे. करुणा असून हातात कौशल्य नसेल तर काय होते, ते साप चावलेल्याच्या पायावर बांधलेली सुतळी पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, गावी विकतचा पट्टा कोठून आणणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच उघड्या हातांनी जखमेवर जोराने, न सोडता दाब देणे हा पहिला धडा असावा. बहुसंख्य जखमांना तो पुरतो. जांघ व काख येथे तर पट्टा बांधताच येत नाही, जखमेत कापड ठासून दाबावे लागते. विकतच्या पट्ट्यावर हात बसला, की दुसऱ्या सत्रात ओढणी किंवा उपरण्याची रुंद घडी आणि भक्कम दांडका घेऊन तीच ओढ, तोच पीळ शिकवावा. पेन्सिल मोडते, तार आणि सुतळी तर हाती धरूच नये.

तेव्हा माझे म्हणणे असे: पट्टे एकाच प्रकारचे, दांडीचे घ्यावेत, आणि खात्रीच्या विक्रेत्याकडूनच. ऑनलाइन बाजारात स्वस्त नकलांचा सुळसुळाट आहे, त्यांची दांडी ऐन वेळी मोडते. सरावाचे पट्टे वेगळे ठेवावेत, कारण सरावाने झिजलेला पट्टा पेटीत ठेवणे धोक्याचे. पेट्या चारऐवजी दोनच बसवाव्यात आणि वाचलेल्या रकमेतून नववीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून दोनदा सराव द्यावा, एकदा जूनमध्ये आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी. त्यात वसतिगृहाचे अधीक्षक, स्वयंपाकघरातील मावशी आणि बसचे चालकही असावेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांत परिचारिका, डॉक्टर आणि सैन्यदलातून निवृत्त झालेले जवान बरेच आहेत. त्यांनी आपली नावे आणि सोयीचे रविवार शाळेच्या कार्यालयात कळवावेत. जूनच्या पहिल्या सत्राला मी येईन.