मराठा आरमाराच्या 'गुराब' जहाजाचा कावळ्याशी काय संबंध? आणि ही जहाजं गेली कुठे?

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यातले दोन एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले: मालवणचा सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातला विजयदुर्ग. पण या किल्ल्यांच्या आसऱ्याने लढणारी जहाजं आज कुठेच दिसत नाहीत.

गुराब म्हणजे काय?

आरमारातलं मोठं लढाऊ जहाज. दोन किंवा तीन डोलकाठ्या, वजन साधारण १५० ते ३०० टन. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब आणि चिंचोळं. मोठ्या तोफा या नाळेवरून थेट समोर रोखलेल्या असत. सोबतीला असायची छोटी, वेगवान गलबतं. ४०-५० वल्ह्यांवर चालणारी ही गलबतं वारा पडला की गुराबांना ओढूनही नेत.

नाव कुठून आलं?

अरबीत 'गुराब' म्हणजे कावळा. चोचीसारखी नाळ किंवा काळा रंग यावरून हे नाव पडलं असावं, असं मानलं जातं. इंग्रजांनी त्याचं 'ग्रॅब' केलं. हिसकावणं या अर्थाच्या 'ग्रॅब'शी त्याचा संबंध नाही. 'गलबत'चं मूळ मात्र वादात आहे. कोणी ते पोर्तुगीज 'गालिओटा'त शोधतं, कोणी अरबी 'जल्बा'त.

मग जहाजं गेली कुठे?

बरीचशी विजयदुर्गातच जळाली. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांच्यात वितुष्ट आलं आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या ताफ्याने विजयदुर्गवर तोफा डागल्या आणि बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार आगीत भस्मसात झालं. मराठ्यांची सागरी ताकद मोडली ती घरातल्या भांडणातून.

आता काय करता येईल?

मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेलं 'आयएनएसव्ही कौंडिण्य' हे शिलाईचं जहाज अजिंठ्यातल्या एका चित्रावरून बांधलं गेलं. गुराबांची तर चित्रंही आहेत आणि इंग्रजांनी लिहिलेली वर्णनंही. त्यामुळे एखादी गुराब पुन्हा मालवणच्या पाण्यात उतरवणं अशक्य नाही.

किल्ल्याचा दगड टिकला, म्हणून यादीत आला. लाकूड जळालं. त्यामुळे आरमाराचा निम्मा वारसा आज फक्त शब्दांत उरला आहे.